बारा दिवसांचा कोपरा

आमच्या घराण्यात मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणून ठेवत नाहीत. साधं टोपडंसुद्धा नाही. डोहाळजेवण होतं, ओटी भरतात, हिरव्या बांगड्या भरतात. पण झबली, दुपटी, पाळणा हे सगळं बाळाचं रडणं कानी पडल्यानंतर. तेव्हा बारशापर्यंत जे काय करायचं ते बारा दिवसांत. यंदाच्या श्रावणात माझ्या लेकीला मुलगी झाली आणि आमच्या आतल्या खोलीचा एक कोपरा मी बारा दिवसांत तिच्यासाठी सजवला. त्यात पुष्कळ चुकाही केल्या. दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही ट्रंका उघडालच. जुन्या साड्या भांडीवालीला देण्याआधी हे वाचा, म्हणजे निदान दोन सुती साड्या बाजूला ठेवाल.

हा घरचा नियम मी एकदा मोडला होता. चार वर्षांपूर्वी लेकीला दिवस गेले तेव्हा, ‘आजच्या काळात कसला आला आहे नियम!’ म्हणून मी पाचव्या महिन्यातच एक गोधडी शिवून ठेवली. माझ्या निळ्या आणि लेकीच्या पिवळ्या साडीची. सहाव्या महिन्यात ते सगळं संपलं. गोधडी शिवल्यानं असं काही होत नसतं, हे डॉक्टरीणबाईंनी न विचारता सांगितलं आणि मलाही ते कळतं. पण ती गोधडी मी ट्रंकेच्या तळाशी घातली, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि यंदा नऊ महिने सुईला हात लावला नाही.

लेक तिसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी आली, तोवर मी जमेल तेवढी सजावट करून ठेवली होती. खिडकीला गुलाबी साटिनचा पडदा, भिंतीवर बाळकृष्णाची तसबीर, पडद्याला रिबिनीच्या फुलांची माळ. आल्यागेल्यानं नाव घ्यावं असा थाट! लेक कॉटवर टेकली, तिनं सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, “छान आहे गं आई. पण यातलं हिला काय दिसणार?”

मला जरा रागच आला. पण प्रश्न खरा होता. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते फार तर वीस ते तीस सेंटिमीटरांवरचं. म्हणजे छातीशी धरलं की आईच्या चेहऱ्यापर्यंतचं. पलीकडचं सगळं धूसर. फिक्या गुलाबी आणि फिक्या निळ्यातला फरक त्याला पहिल्या आठवड्यांत कळत नाही. काळ्या-पांढऱ्यासारखा ठसठशीत फरक मात्र नजरेत भरतो. माझं साटिन होतं ते शेजारच्या काकूंसाठी!

मग आमच्या ह्यांनी एक गोष्ट केली, ती प्रत्येक घरात करून पाहावी. पाळणा जिथं ठेवायचा तिथं चटई टाकून ते उताणे निजले. “अहो, काय करताय?” म्हटलं, तर म्हणाले, “बाळाला काय दिसतं ते बघतोय.” आणि काय दिसलं? बरोबर डोळ्यांवर ट्यूबलाइट, आणि तिच्या शेजारी गरगरणारा पंखा. रिबिनीची फुलं तिथून दिसतच नव्हती. तेव्हा सजावटीचं पहिलं काम म्हणजे पाळण्याची जागा दोन हात भिंतीकडे सरकवली, आणि रात्रीसाठी कपाटाआड एक छोटा दिवा लावला, उजेड छतावर पडून खाली यावा असा. यात खर्च काही नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

पाळण्याचं प्रकरण मात्र मला लागलं. माळ्यावर सासूबाईंच्या वेळचा पाळणा आहे, लाल-हिरव्या रंगाचा, पितळी साखळ्यांचा. माझी दोन्ही मुलं त्यात जोजवली. हे पॉलिशकागद घेऊन रंग खरवडायला बसले, तेवढ्यात जावई आले आणि त्यांनी हात धरला. जुन्या तैलरंगांत शिसं असे. दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं घरगुती रंगांत नसावं, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. असा रंग कोरडा खरवडला की त्याची पूड घरभर होते, आणि ती पोटात गेली तर वाढत्या मेंदूला फार वाईट. मग ओल्या फडक्यानं सगळं पुसून पाळणा पुन्हा माळ्यावर गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? बिनरंगाचा साधा लाकडी पाळणा आणला, खाली घोडा असलेला, कारण आमच्या स्लॅबला कडी नाही. दांड्यांमधलं अंतर तेवढं मोजून घेतलं. ते सहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त नको. रात्रभर त्यात पंचवीस किलो तांदळाचं पोतं झुलवून पाहिलं. साखळ्या मात्र सासूबाईंच्याच लावल्या, चिंचेनं घासून.

आता कापडाचं. दुपट्यांसाठी पाच मीटर पांढरं मलमल आणलं. ते आधी धुऊन मग कापायचं, कारण मलमल आटतं. नवी खळ बाळाच्या अंगाला टोचते ते वेगळंच. मीटरभर लांबीची पाच दुपटी होतात. यापेक्षा लहान करू नका. दहा दिवसांत बाळ पाय मारून दुपट्याबाहेर येतं. कडा यंत्रावर न घालता हातानं दुमडून टिपल्या की मऊ राहतात. बाळुत्यांना पूर्वी आजोबांची धोतरं असत. हल्ली धोतर कुठून आणायचं? ह्यांचं मुंजीतलं एक सापडलं, त्याची आठ झाली, आणि विकतच्या सगळ्या लंगोटांपेक्षा तीच लेकीला आवडली.

पाचव्या दिवशी दुपारी लेक म्हणाली, “आई, ती गोधडी कुठं आहे?”

तिला ती आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ट्रंक उघडली. गोधडी तशीच होती. वास मात्र नाकात भरला. जरा वाऱ्यावर टाकून संध्याकाळी बाळाला त्यावर निजवू, असं आमचं ठरलं. त्याच दुपारी तपासणीला बालरोगतज्ज्ञांकडे जायचं होतं, कारण बाळाचे डोळे थोडे पिवळसर वाटत होते. अशी कावीळ पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. पण त्यांनी सहज विचारलं, “घरी कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालता का?”

माझ्या पोटात खड्डा पडला. पुन्हा तीच गोधडी!

त्यांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. पुष्कळशा डांबरगोळ्यांत नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचा एक घटक जन्मतःच कमी असतो. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलं, तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकाएकी वाढते. आमच्या बाळाचं रक्त तपासलं, तो घटक पुरेसा निघाला. पिवळेपणाही आठव्या दिवसापर्यंत गेला. पण गोळ्यांतले कपडे लहान बाळाच्या अंगाला लावायचे नाहीत, मग बाळ कितीही धडधाकट असो. मी त्या रात्रीच घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा करून बाहेर काढल्या. आता ट्रंकेत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आहे, मलमलच्या पुरचुंडीत बांधलेला. नुसता टाकला तर डाग पडतात.

नवी गोधडी मी रोजच्या नेसणीतल्या साड्यांची शिवली. नेसून आणि धुऊन मऊ झालेल्या, कपाटात न पडलेल्या. काठ आधी उसवून काढले, कारण जर बोचते. नव्वद बाय पंचाहत्तर सेंटिमीटरचे तीन थर एकावर एक अंथरून चारी बाजूंनी आणि मध्ये उभा-आडवा कच्चा दोरा घालायचा. हा कंटाळा केला तर थर सरकतात आणि कडेला घोळ येतो. मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्यानं फिरत फिरत मध्यावर यायचं, दोन ओळींत दोन बोटं अंतर. गाठ वर ठेवायची नाही, थरांच्या आत ओढून घ्यायची. तीन दुपारी लागल्या. आणि एक सांगते: गोधडी ही बाळ जागं असताना खाली अंथरायला. झोपेत बाळाला पाठीवर, सपाट घट्ट गादीवर निजवायचं. तोंडाजवळ गोधडी नको, लोड नको, उशीही नको. मोहरीची उशी भेट म्हणून दोघींनी आणली. मी आभार मानले आणि ठेवून दिली.

सहाव्या दिवशी सटवाईची पूजा केली. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली, रात्री येऊन ती बाळाचं नशीब लिहिते म्हणून. सकाळी कागद कोराच! लेकीनं तो जपून ठेवला आणि बाराव्या दिवशी त्यावर बाळाचं पाऊल उमटवलं. ओली हळद तळव्याला लावून अलगद दाबायचं, लगेच पाय पुसायचा. हळद उजेडात फिकी पडते, म्हणून कडेनं पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवली आहे.

आणि चिमणाळं! पाळण्यावर टांगायच्या चिमण्यांचा झुपका. पूर्वी हा घराघरांत असे. हल्ली बाजारात किल्लीचा, गाणं म्हणणारा मिळतो. घरी करायला दोन संध्याकाळी पुरतात. दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कर्णावर दुमडून त्रिकोण करा, बोटभर जागा सोडून शिवा, उलटा करा, कापूस भरा, तोंड बंद करा. एक कोपरा चोच, दोन पंख. शेपटीला दुमडलेली चिंधी. डोळे दोऱ्यानं भरायचे. मणी किंवा टिकली लावायची नाही, ती सुटून बाळाच्या तोंडात जाते. अशा सात चिमण्या भरतकामाच्या रिंगला टांगा. पण टांगताना ह्यांची चटई आठवा: उभ्या माणसाला पाठ दिसते, बाळाला पोट! तेव्हा रंग, ठिपके, रेघा जे काय असेल ते चिमणीच्या पोटावर. आणि उंची अशी, की बाळाचा हात पोचू नये. पाच महिन्यांचं झालं, किंवा हातांवर रेटा देऊन उठू लागलं, की चिमणाळं काढून ठेवायचं.

मी माझ्या संक्रांतीच्या चंद्रकळेचा पदर कापला. वर्षभर नेसण्यातली म्हणून तीही कपाटाबाहेरच होती. काळ्या चिमण्या, पोटावर पांढऱ्या पट्ट्या. काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, “अहो, बारशाला काळं?” मी म्हटलं, “तीट काय रंगाची लावता?” त्या हसल्या. बाळ मात्र सातही चिमण्यांकडे टक लावून बघत होतं, आणि हे काही मी आजी म्हणून सांगत नाही.

बारशाच्या दिवशी पाळण्याला झेंडूच्या माळा न घालता त्या दारालाच बांधल्या. आकाशकंदिलाचे उरलेले कागद होते, त्यांच्या पताका बाहेरच्या खोलीत लावल्या; पतंगी कागदाचा रंग ओल्या हाताला लागतो, म्हणून पाळण्याजवळ नकोत. आत्यानं कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले.

ती जुनी गोधडी मी तीन वेळा गरम पाण्यात धुतली होती. श्रावणातलं ऊन ते. आठवडाभर गॅलरीत आणि पंख्याखाली फिरवली, तरी नाकाशी नेली की थोडा वास येतोच. मी ती पुन्हा ठेवून देणार होते. लेकीनं घेतली. मागच्या बाजूला वरच्या कडेशी कापडाची एक लांब नळी टिपली, त्यात पडद्याची दांडी घातली, आणि बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर, बाळापासून दूर, ती टांगली. निळी-पिवळी गोधडी भिंतीवर खरोखरच शोभत होती. आलेल्या बायका वळून वळून बघत होत्या.

काकूंनी विचारलं, “ही कुठून विकत आणलीत?”

“आईनं शिवली,” लेक म्हणाली. “माझ्या पहिल्या बाळासाठी.”

काकूंनी गोधडीच्या कडेवरून हात फिरवला. मी घुगऱ्या वाढायला आत गेले.