रिपोर्ट आला, पण वाचायचा कसा?

रक्ततपासणीचा रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज सकाळी येतो. मोबाइलवरचे अ‍ॅप उघडायचे, रिपोर्टवर बोट ठेवायचे आणि हिमोग्लोबिन किती, साखर किती ते पाहून घ्यायचे. डोळस माणसासाठी हे अर्ध्या मिनिटाचे काम. दृष्टिहीन माणूस हेच काम कानाने करतो. त्याच्या फोनमधला 'स्क्रीन रीडर' पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतो. पण कितीतरी अ‍ॅपमध्ये त्याला ऐकू येते ते असे : 'बटण. बटण. चित्र. नाव नसलेले बटण.' यातले रिपोर्टचे बटण कोणते? अंदाजाने एखादे दाबले आणि ते 'अपॉइंटमेंट रद्द करा'चे निघाले तर?

शेवटी तो फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देतो. भाचा, शेजारी, सहकारी, कधी रिक्षावालासुद्धा. साखरेचा आकडा दुसऱ्याने वाचला तर फारसे बिघडत नाही. पण रिपोर्ट गर्भधारणेचा असेल, एचआयव्हीचा असेल, मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या गोळ्यांचा असेल, तर? ज्याच्या शरीराबद्दलची ती बातमी आहे, त्याच्याआधी ती तिसऱ्याला कळते. दिव्यांगांसाठी गैरसोयीचे अ‍ॅप त्यांचा वेळ खाते, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते त्यांचा खासगीपणा काढून घेते.

फोन बोलतो कसा?

अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' हे स्क्रीन रीडर आधीपासूनच असतात; वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत. ते सुरू केले की फोनची वागणूक बदलते. पडद्यावर एकदा बोट टेकवले की तिथे काय आहे ते फोन बोलतो, आणि दोनदा टॅप केले की ते बटण दाबले जाते. डावी-उजवीकडे बोट सरकवत एकेका गोष्टीवरून पुढे जाता येते. सरावलेली दृष्टिहीन व्यक्ती अशा रीतीने बँकेचे व्यवहार करते, मेल लिहिते, रेल्वेचे तिकीट काढते.

अडचण अशी की स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही. त्याला कळते ते फक्त अ‍ॅप बनवणाऱ्याने आत लिहून ठेवलेले. पडद्यावर भिंगाचे सुंदर चिन्ह असेल, पण त्याला 'शोधा' असे नाव दिलेले नसेल, तर फोन नुसते 'बटण' म्हणतो. रिपोर्ट कागदाचा फोटो काढून पाठवलेला असेल, तर तो फोनच्या लेखी एक चित्रच. चित्रातली अक्षरे ओळखणारे तंत्र आता हाताशी आहे, पण तपासणीचे नाव, आकडा आणि सामान्य मर्यादा अशा तीन रकान्यांचा तक्ता असेल, तर रकाने एकमेकांत मिसळण्याची भीती राहते. क्रिएटिनिनचा आकडा युरिक अ‍ॅसिडच्या नावापुढे वाचला गेला, तर ती चूक ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

लशीच्या रांगेत मागे राहिलेले

याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२१च्या उन्हाळ्यात दिसले. १८ ते ४४ वयोगटासाठी १ मेपासून लसीकरण खुले झाले, पण सुरुवातीला 'कोविन'वर आधी नोंदणी करून वेळ घेतल्याशिवाय लस मिळत नव्हती. वेळा खुल्या होताच काही मिनिटांत संपत. मुंबई-पुण्यातली तरुण मंडळी फोनला डोळे लावून बसत आणि मिळेल त्या लांबच्या तालुक्यातल्या केंद्राकडे गाडी हाकत. ज्यांना पडदा दिसत नव्हता, त्यांचे घोडे नोंदणीच्या पहिल्याच पायरीवर अडले.

३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडविषयक सुनावणीत दिलेल्या आदेशात या त्रुटींची यादीच मांडली. वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची 'कॅप्चा' परीक्षा होती, पण ती ऐकून सोडवण्याची सोय नव्हती. वय, लशीचे नाव, मोफत की पैसे देऊन, असे निवडीचे पर्याय दृष्टिहीनांना वापरता येतील असे नव्हते. लशीच्या किती जागा शिल्लक आहेत तो आकडा कळे, पण तो कोणत्या वेळेचा, हे कळत नसे. फक्त कीबोर्ड वापरून फिरण्याची सोय नव्हती. सावकाश काम करणाऱ्याला मध्येच बाहेर फेकले जाऊ नये म्हणून पुरेसा वेळ मिळायला हवा आणि रंगसंगतीचे नियम पाळले जावेत, असेही न्यायालयाने सुचवले. कोविन आणि आरोग्य सेतूची दिव्यांगांच्या दृष्टीने तपासणी करावी, असेही सांगितले.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यातली एकही त्रुटी दूर करायला नवा शोध लावावा लागणार नव्हता.

अडथळे फक्त डोळ्यांपुरते नाहीत

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, आणि प्रत्येकाचे अ‍ॅपशी वेगळे भांडण आहे.

कर्णबधिर व्यक्तीला अ‍ॅप हाताळता येते, पण 'डॉक्टर आपल्याला पाच मिनिटांत फोन करतील' या ओळीशी सगळे संपते. व्हिडिओवर सल्ला मिळणार असला, तरी पडद्यावर डॉक्टरांच्या बोलण्याचे शब्द उमटत नसतील आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी त्या कॉलमध्ये येऊ शकत नसेल, तर उपयोग काय? साध्या लेखी संवादाची खिडकी असती, तरी बरेचसे काम भागले असते.

पार्किन्सन्स झालेल्यांचा किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचा हात थरथरतो. शेजारी-शेजारी चिकटवलेली बारीक बटणे त्यांच्यासाठी सापळा ठरतात. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच उंच असावी. तारीख निवडण्यासाठी गोल फिरवायची चक्री किंवा वेदना किती ते दाखवण्यासाठी सरकवायची पट्टी देण्याऐवजी आकडा लिहायला एक चौकोन दिला, तर तेच काम सोपे होते. कुष्ठरोगातून बरे झालेल्या, पण बोटांची संवेदना किंवा बोटेच गमावलेल्या व्यक्तींनाही हीच अडचण येते.

लाल आणि हिरवा रंग वेगळा न ओळखता येणाऱ्यांसाठी 'लाल म्हणजे धोक्याचे' हा संकेत कामाचा नाही. आकड्याशेजारी 'जास्त' किंवा 'कमी' असा शब्द हवा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या पालकांना बोजड अटी-शर्तींऐवजी छोटी, सरळ वाक्ये हवीत. आणि ओटीपी? स्क्रीन रीडर वापरणारा मेसेज ऐकतो, आकडा लक्षात ठेवतो, परत अ‍ॅपमध्ये येतो, तोवर मुदत संपलेली असते किंवा अ‍ॅप पहिल्या पानावर गेलेले असते.

भाषेचीही एक गाठ आहे. फोन मराठी बोलू शकतो. पण पडद्यावरचा मजकूर मराठी आहे हे त्याला सांगितलेले नसेल, तर इंग्रजी आवाज तो गाळतो किंवा त्याचे भलतेच उच्चार करतो.

ज्याला गरज जास्त, त्यालाच दार बंद

२०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली; महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. पण आरोग्याच्या अ‍ॅपबाबत हिशेब इथे थांबत नाही, कारण आजार आणि दिव्यांगत्व यांचे नाते जवळचे आहे.

मधुमेहाचे उदाहरण घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. हा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे वाढलेली साखर डोळ्यांच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या बिघडवते आणि नजर हळूहळू अधू होते. नसांवर परिणाम झाल्यास हातापायांची संवेदना कमी होते. साखर मोजणारी अनेक यंत्रे आज ब्लूटूथने फोनला जोडता येतात आणि आकडा अ‍ॅपमध्ये उमटतो. तो आकडा नुसत्या आलेखाच्या रूपात, फिक्या करड्या अक्षरांत दिसत असेल, तर ज्या रुग्णाचा मधुमेह सर्वांत जुना, त्यालाच तो वाचता येत नाही. इन्सुलिन किती घ्यायचे हे त्या आकड्यावर ठरणार असेल, तर चूक थेट जिवावर बेतू शकते.

दुरुस्ती स्वस्त, पण वेळेवर केली तर

सुगम्यतेवर काम करणारी 'वेबएम' ही अमेरिकी संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख लोकप्रिय संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राद्वारे तपासते. २०२५च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर त्रुटी सापडल्या. सापडलेल्या त्रुटींपैकी बहुतेक सहाच प्रकारांत मोडतात : फिकी अक्षरे, वर्णन नसलेली चित्रे, नाव नसलेले रकाने, रिकाम्या लिंक, रिकामी बटणे आणि भाषेची नोंद नसणे. ही आकडेवारी संकेतस्थळांची असली, तरी मोबाइल अ‍ॅपमधल्या चुकाही याच जातकुळीच्या असतात.

बटणाला नाव देणे हे प्रोग्रॅमरसाठी एका ओळीचे काम आहे. मजकूर आणि मागचा रंग यांतला फरक निदान ४.५ : १ या प्रमाणात असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, तो तपासणारी साधने मोफत मिळतात. इमारत बांधताना उतरंड ठेवली तर खर्च नगण्य असतो, पायऱ्या झाल्यावर तोडफोड करावी लागते. इथेही तसेच आहे. शिवाय काम एकदा करून संपत नाही. काल नीट चालणारे अ‍ॅप आजच्या अपडेटनंतर मुके होते. म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चाचणी हवी. यांत्रिक तपासणीत सगळ्या त्रुटी सापडत नाहीत. बटणाला नाव आहे की नाही ते यंत्र सांगते, पण ते नाव कळण्याजोगे आहे का, हे ते वापरणारा दृष्टिहीन माणूसच सांगू शकतो.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग हक्क कायद्याची कलमे सरकारी सेवांपुरती नाहीत. खासगी सेवा देणाऱ्यांवरही सुगम्यतेची जबाबदारी आहे. नागपूरचे दृष्टिहीन वकील राहुल बजाज यांनी डॉक्टरांच्या वेळा ठरवून देणाऱ्या एका खासगी अ‍ॅपविरुद्ध दिव्यांगांच्या मुख्य आयुक्तांकडे दाद मागितली. २०२२मध्ये आयुक्तांनी ते अ‍ॅप सर्वांना वापरता येईल असे करण्यास सांगितले. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी 'आयएस १७८०२' हे भारतीय मानकही तयार आहे आणि २०२३मध्ये ते कायद्याच्या नियमांत समाविष्ट झाले.

नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशींच्या स्वरूपात ठेवून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. ओळख पटवण्यासाठी 'पापण्या मिटा' असे सांगणाऱ्या अ‍ॅपपुढे अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रिया आणि दृष्टिहीन व्यक्ती हतबल होत्या. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि केवायसीच्या प्रक्रियेत बदल करण्याचे आदेश दिले. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानेही मे २०२४मध्ये त्याच्याकडून निधी घेणाऱ्या रुग्णालयांच्या संकेतस्थळांना आणि मोबाइल अ‍ॅपना असे निकष लागू केले आहेत.

आपण काय करू शकतो?

- प्रयोगशाळेकडून रिपोर्ट फोटोच्या नव्हे, तर मजकूर निवडता येईल अशा पीडीएफच्या रूपात मागावा. संगणकावर तयार झालेला रिपोर्ट तसा देणे प्रयोगशाळेला अवघड नसते.
- अडचण आल्यास 'अ‍ॅप चालत नाही' एवढेच न लिहिता कोणत्या पानावर, कोणते बटण, कोणता स्क्रीन रीडर हे कंपनीला लेखी कळवावे. प्ले स्टोअरवरही लिहावे.
- दखल घेतली गेली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे.
- रुग्णालयांनी अ‍ॅप विकत घेतानाच कंत्राटात सुगम्यतेची अट घालावी. आणि अ‍ॅपसोबत फोनची, खिडकीची सोयही चालू ठेवावी. केसपेपरसाठी क्यूआर कोड स्कॅन करणे हाच एकमेव मार्ग असेल, तर कॅमेरा नेमका कुठे धरायचा हे न दिसणारा रुग्ण रांगेच्या बाहेरच राहतो.

डोळस वाचकांनी एक छोटा प्रयोग करून पाहावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करावा, डोळे मिटावेत आणि नेहमीच्या अ‍ॅपमधून आपला शेवटचा रिपोर्ट उघडण्याचा प्रयत्न करावा. सुरू करण्याआधी तो बंद कसा करायचा हे मात्र पाहून ठेवावे. पाच मिनिटांत जमले, तर ते अ‍ॅप बनवणाऱ्याने काळजी घेतली आहे. नाही जमले, तर त्याच पाच मिनिटांत कंपनीला दोन ओळी लिहिता येतील. मोतीबिंदू, थरथरणारा हात आणि कमी झालेले ऐकू येणे वयाबरोबर बहुतेक घरांत येतेच. तेव्हा हे अ‍ॅप आपल्या आई-वडिलांनाही लागणार आहे.