अन्नातील अदृश्य शत्रू – लेखांक सहावा : मुदतीच्या तापाचा जंतू पेशीत कसा शिरतो

मागील लेखांकात अन्नपाण्यावाटे पोटात गेलेल्या जंतूंची जठरातील आम्लाशी होणारी गाठ आपण पाहिली. त्या आम्लातून जे थोडे वाचतात त्यांचे पुढे काय होते, हा आजचा विषय असून त्यासाठी मी मुदतीच्या तापाचा, म्हणजेच विषमज्वराचा, जंतू साल्मोनेला टायफी मुद्दाम निवडला आहे; कारण त्याच्याविषयीच्या एका जुन्या वैद्यकीय समजुतीला आमच्या या दिल्ली शहरातच धक्का बसला.

विषमज्वर हा शाळकरी मुलांचा व तरुणांचा रोग, लहानग्यांना तो क्वचितच होतो, असे पुष्कळ काळ मानले जात होते. 1995-96 साली दक्षिण दिल्लीतील कालकाजी भागातल्या गरीब वस्तीत आठ हजारांहून अधिक रहिवाशांवर वर्षभर नजर ठेवून, ज्यांचा ताप तीन दिवस टिकला त्यांचे रक्त तपासण्याची तजवीज करण्यात आली. त्या पाहणीचे आकडे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले ते असे की, रोगाचे वार्षिक प्रमाण 5 वर्षांखालील मुलांत दर हजारी 27.3, 5 ते 19 वर्षांच्या गटात 11.7 आणि त्यापुढील प्रौढांत जेमतेम 1.1 होते. संशोधक स्वतः उंबऱ्यापर्यंत गेले नसते तर ही बालके कोणत्याही दवाखान्याच्या दप्तरी विषमज्वराचे रोगी म्हणून नोंदली गेली असती, असे मला वाटत नाही.

आता जंतूकडे वळू. लहान आतड्याच्या अस्तरात एम पेशी नावाच्या निराळ्या पेशी असतात. जकातनाक्यावरचा कारकून येणाऱ्या मालातला नमुना काढून आत पाठवतो, तशा त्या आतड्यातील कण उचलून आतल्या संरक्षक पेशींच्या स्वाधीन करतात. साल्मोनेलाच्या अंगावरील केसासारख्या तंतूंच्या टोकाशी फिम-एच नावाचे प्रथिन असते आणि ते एम पेशीवरील जीपी-2 या प्रथिनाला घट्ट धरते, हे जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवले. त्यांचे प्रयोग उंदरांवर आणि टायफीचे भावंड जे टायफिम्युरियम त्याच्यावर झालेले होते, ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. टायफी स्वभावतः मनुष्यावाचून अन्यत्र नांदत नसल्यामुळे या विषयातील बहुतेक ज्ञान असे भावंडाच्या मार्फतच हाती आलेले आहे.

धरणे निराळे आणि शिरणे निराळे. अस्तरातील सामान्य पेशी जंतू गिळणाऱ्या जातीची नसते, आणि तरीही साल्मोनेला तिला गिळावयास लावतो. त्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्याच घडणीच्या पोकळ सुया उभ्या असतात. कुबोरी, आयझावा व गालान प्रभृतींनी 1998 साली त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट पाहिल्या. एकेकीची लांबी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही तोकडी. सुईच्या टोकाशी सिप-डी हे प्रथिन असते, सिप-बी व सिप-सी ही दोन प्रथिने पेशीच्या पटलात छिद्र पाडतात, आणि त्या मार्गाने सॉप-बी, सॉप-ई यांसारखी प्रथिने आत सोडली जातात. ही आत गेलेली प्रथिने पेशीचा सांगाडा घडविणाऱ्या अ‍ॅक्टिनच्या व्यवस्थेवर अंमल बसवतात. काही मिनिटांतच पेशीचे पटल झालरीसारखे उसळते आणि जंतूला कवेत घेऊन मिटते. विशेष हे की, टायफिम्युरियममध्ये एसपीटी-पी नावाचे आणखी एक प्रथिन आत जाऊन हा सारा क्षोभ शमवते आणि पेशीस पूर्ववत रूप देते. घुसखोरीच्या खुणा पुसण्याची इतकी दक्षता मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सर्वच जंतूंना एवढा खटाटोप लागत नाही. लिस्टेरिया या दुसऱ्या एका जंतूच्या अंगावर इंटर्नलिन-ए नावाचे प्रथिन असते, आणि ते पेशीवरील ई-कॅडहेरिनला चिकटले की पेशीच त्या जंतूला हळूहळू वेढून घेते. पास्कल कोसार यांच्या पॅरिसमधील गटाने 1991 साली हे प्रथिन उजेडात आणले.

टायफीपाशी सुईखेरीज व्हाय नावाचे एक आवरणही आहे. ते प्रथिनाचे नसून शर्करेचे आहे. फेलिक्स व पिट यांनी ते 1934 साली ओळखले. आतड्याच्या क्षारयुक्त पोकळीत असताना जंतू हे आवरण आवरते घेतो आणि सुया पुढे करतो. अस्तर ओलांडून आत पोचला की सुया मागे घेऊन आवरण पांघरतो, जेणेकरून शरीराच्या पहाऱ्याला त्याची चाहूल उशिरा लागावी. दिल्लीतीलच राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत अयूब कादरी यांनी सहकाऱ्यासह 2004 साली दाखवले की, व्हाय आतड्याच्या पेशींतील प्रोहिबिटिन या प्रथिनांशी संबंध जोडून दाहाची पहिली प्रतिक्रियाच मंद करते.

हेच आवरण पुढे लशीच्या कामी आले. परंतु नुसत्या शर्करेला 2 वर्षांखालील बालकांचे शरीर नीट प्रतिसाद देत नाही, आणि कालकाजीने तर धोका नेमका लहानग्यांकडे दाखवला होता. म्हणून व्हायला धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाची जोड देऊन संयुग्मित लस सिद्ध झाली; 2018 साली नवी मुंबई महानगरपालिकेने 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली.

जाता जाता वाचकांना एक विनंती. विषमज्वराच्या निदानासाठी केली जाणारी विडाल ही रक्तचाचणी जंतूला शोधत नाही; त्याच्या पृष्ठभागावरील द्रव्यांविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये तेवढी ती मोजते, आणि ती पूर्वीच्या संसर्गाचीही असू शकतात. तेव्हा घरात कोणाचा ताप तीन दिवसांवर गेला तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करावे काय, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.