पहिला भाग पहिला खेळायलाच हवा का?

‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळाचा पहिला भाग १९८६ साली आला, दुसरा १९८७ साली आणि तिसरा १९८८ साली. या तिन्ही जुन्या खेळांना नवं रूप देऊन पुन्हा बाजारात आणायचं ठरलं, तेव्हा ‘स्क्वेअर एनिक्स’ या कंपनीने सुरुवात तिसऱ्या भागापासून केली. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. पहिला आणि दुसरा एकत्र आले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. गोष्टीच्या काळाचा हिशोब लावला तर तिसऱ्या भागातल्या घटना पहिल्या दोन भागांच्या कितीतरी आधी घडतात. ज्यांनी ही मालिका रचली त्यांनाच आकड्यांचा क्रम मोडावासा वाटला, ही गोष्ट प्रत्येक नवख्या खेळाडूने ध्यानात ठेवावी अशी आहे.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हा व्हिडिओ गेममधला सगळ्यांत लांबलचक प्रकार. खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, लढायांतून अनुभव कमावतो, लेव्हल वाढवतो, सोबती जमवतो आणि चाळीस-पन्नास तास, कधी शंभर तास एका गोष्टीत राहतो. अशा खेळांच्या मालिका तीस-चाळीस वर्षं चालू आहेत. ‘फायनल फँटसी’चा १६वा भाग २०२३ साली आला. सोलापुरात इंजिनिअरिंगला असलेला एखादा मुलगा पैसे साठवून कॉम्प्युटर असेंबल करून घेतो आणि मित्रांना विचारतो, की सुरुवात कुठून करू? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘पहिल्यापासून कर.’ हे उत्तर शहाणपणाचं वाटतं. मेंदू नवी गोष्ट कशी शिकतो याबद्दल आज जे माहीत आहे ते पाहिलं, तर हे उत्तर बऱ्याचदा चुकीचं ठरतं.

एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात, याचा अंदाज जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली सातच्या आसपास बांधला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ साली सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि आकडा चारच्या जवळ आणला. या तुटपुंज्या जागेला कार्यस्मृती म्हणतात. आता आरपीजीचा पहिला तास डोळ्यांसमोर आणा. पात्रांची अनोळखी नावं, राज्यांची नावं, शस्त्रं, मंत्र, औषधं, नकाशा, कोणतं बटण कशाला, शत्रूला आग लागू पडते की पाणी! चार खणांच्या कपाटात चाळीस वस्तू कोंबल्यासारखं होतं. जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मांडलेला आकलनभाराचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो. शिकण्याच्या विषयातच असलेली गुंतागुंत टाळता येत नाही, पण मांडणी वाईट असल्यामुळे वाढलेला भार टाळता येतो. जुन्या खेळांत हा दुसरा भार फार असतो.

पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये जिन्यावर उभं राहिल्यावरही मेनू उघडून ‘जिना’ हा पर्याय निवडावा लागे. १९८७ सालच्या मूळ ‘फायनल फँटसी’त दोन सोबत्यांना एकाच शत्रूवर सोडलं आणि तो पहिल्याच घावात मेला, तर दुसऱ्याचा घाव हवेत वाया जाई. नंतरच्या भागांत दुसरा सोबती आपोआप पुढच्या शत्रूकडे वळतो. त्या काळातल्या मुलांना यात काही खटकत नव्हतं, कारण तुलनेला दुसरं काही नव्हतंच. आज मोबाइलवर वाढलेल्या मुलाला मात्र हा भार पेलून त्यामागची गोष्ट दिसेपर्यंत तग धरता येत नाही. मग तो ‘आरपीजी आपल्यासाठी नाहीत’ असं ठरवून मोकळा होतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याला न आवडलेली गोष्ट खेळ ही नसते, १९८७ सालची मेनूची रचना असते.

आधी मिळालेल्या चौकटीचं महत्त्व किती, हे जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली एका साध्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी लोकांना एक उतारा ऐकवला. त्यात वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, अशा मोघम सूचना होत्या. हा उतारा कपडे धुण्याबद्दल आहे, हे ज्यांना आधी सांगितलं त्यांना जवळपास दुप्पट आठवलं. ज्यांना नंतर सांगितलं त्यांना, काहीच न सांगितलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. चौकट आधी हवी, तपशील नंतर. म्हणून मालिकेतला जो भाग नवख्याला ही चौकट सगळ्यांत स्वच्छ देतो, तो सुरुवातीचा भाग. त्यावर कितवा आकडा आहे हा मुद्दा गौण आहे.

आकड्यांवर तर अजिबात विसंबू नये. ‘फायनल फँटसी’चा चौथा भाग अमेरिकेत १९९१ साली ‘दोन’ म्हणून विकला गेला आणि सहावा १९९४ साली ‘तीन’ म्हणून, कारण मधले भाग तिथे आलेच नव्हते. १९९७ साली सातवा भाग खऱ्या आकड्यानिशी आला. ‘फायनल फँटसी’चे बहुतेक भाग कथेच्या दृष्टीने एकमेकांपासून वेगळे असतात. जग वेगळं, माणसं वेगळी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कोणत्याही पुस्तकापासून वाचायला घेता येतो, त्याच्याही पुढची ही मोकळीक आहे, कारण इथे नायकसुद्धा बदलतो. त्यामुळे दहाव्या भागापासून (२००१) सुरुवात केली तर काहीच हुकत नाही. २००३ साली आलेला ‘दहा-दोन’ मात्र त्या दहाव्याच्या पाठोपाठच खेळायचा.

काही मालिका अशा नाहीत. ‘मास इफेक्ट’च्या तीन भागांत (२००७, २०१०, २०१२) आपण पहिल्या भागात घेतलेले निर्णय सेव्ह फाइलमधून पुढच्या भागांत जातात. कुणाला वाचवलं, कुणाला मरू दिलं, याचे परिणाम तिसऱ्या भागापर्यंत भोगावे लागतात. तिथे मधून शिरणं म्हणजे स्वतःच्याच गोष्टीतला अर्धा भाग गमावणं. निहोन फाल्कॉम या कंपनीची ‘ट्रेल्स’ मालिका २००४ पासून एकाच खंडाचा इतिहास सांगत आली आहे. तिथेही सुरुवात ‘ट्रेल्स इन द स्काय’पासूनच करावी. तिची नव्याने घडवलेली आवृत्ती २०२५ साली आली आहे, त्यामुळे जुन्या मेनूंचा भारही उरलेला नाही. याउलट ‘स्कायरिम’ (२०११) ही गोष्ट आधीच्या ‘ऑब्लिव्हियन’नंतर दोनशे वर्षांनी घडते, तिला आधीच्या चार भागांची गरज लागत नाही. ‘विचर’चं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पोलंडचे लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांच्या पुस्तकांवर ही मालिका आधारलेली आहे आणि तिचा २००७ सालचा पहिला खेळच पुस्तकं संपल्यानंतर सुरू होतो. नायकाची स्मृती गेलेली दाखवली आहे, म्हणजे त्याच्याबरोबर खेळाडूलाही सगळं नव्याने कळत जातं. खेळ रचणाऱ्यांना नवख्याची अडचण किती नेमकी ठाऊक होती, हे यावरून दिसतं.

आपल्याकडच्या मुलांना या प्रकाराची ओळख झाली ती बहुधा ‘पोकेमॉन’मुळे. कार्टून नेटवर्कवर २००३ पासून ते हिंदीत दिसू लागलं, मग डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ भारतात आलं. मूळ खेळ १९९६ सालचा. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवायचा नाद होता, त्यातून तो सुचला. पहिल्या पिढीत १५१ प्राणी आणि १५ प्रकार होते. कोणत्या प्रकाराचा हल्ला कोणावर चालतो याचा तक्ता २२५ चौकटींचा. आज १८ प्रकार आहेत, म्हणजे ३२४ चौकटी आणि प्राण्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. तेव्हा इथे तरी जुनं ते सोपं म्हणावं की नाही? संख्या पाहिली तर हो. पण त्या १९९६ सालच्या खेळाच्या गणितात एक चूक राहिली होती. ‘घोस्ट’ प्रकारचा हल्ला ‘सायकिक’ प्रकारावर प्रभावी ठरायला हवा होता, प्रत्यक्षात तो काहीच परिणाम करत नसे. १९९९ सालच्या दुसऱ्या पिढीत ती सुधारली गेली. मूळ खेळापासून सुरुवात करणारा मुलगा हा चुकीचा नियम पाठ करतो आणि पुढे तो विसरायला त्याला जास्त कष्ट पडतात. आधी शिकलेली सवय नव्या शिकण्याच्या आड येते, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवलेलं आहे. ज्याला पोकेमॉनचं मूळ जग पाहायचं आहे त्याने २००४ सालच्या ‘फायररेड’ किंवा ‘लीफग्रीन’ या सुधारित आवृत्तीतून पाहावं.

लहान वयातली पहिली ओळख मेंदूत किती खोल जाते, याचा पुरावा पोकेमॉननेच दिला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेसी गोमेझ, मायकेल बार्नेट आणि कालानित ग्रिल-स्पेक्टर यांनी ११ प्रौढांचा मेंदू एमआरआयमध्ये तपासला. हे सगळे बालपणी गेम बॉयवर पोकेमॉन खेळलेले होते. सोबत न खेळलेले ११ जण होते. खेळलेल्यांच्या मेंदूत, पाहिलेल्या वस्तू ओळखणाऱ्या भागात, एका ठरावीक घडीजवळ पोकेमॉनची चित्रं पाहताना जास्त हालचाल दिसली आणि ती जागा प्रत्येकात जवळपास सारखीच होती. गेम बॉयचा पडदा इवलासा, त्यामुळे चित्र नजरेच्या अगदी मध्यावर पडे. त्यावरून ती जागा ठरली असावी, असं स्पष्टीकरण त्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दिलं. यावरून खेळ चांगला की वाईट हे ठरत नाही. मुलाने बालपणी काय पाहिलं याची खूण मोठेपणीही राहते, एवढं मात्र कळतं.

इथे थोडं विषयांतर करतो. २००२ साली अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना दोन प्रकारची चित्रं दाखवली. आठ वर्षांपासून पुढची मुलं पोकेमॉनपैकी सुमारे ८० टक्के ओळखत होती, पण आसपासचे नेहमीचे प्राणी आणि झाडं मात्र जेमतेम निम्मीच ओळखता येत होती. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ सालापासून माळढोकसाठी अभयारण्य आहे. तिथल्या माळरानावरचे धाविक, खोकड, काळवीट यांची नावं घेत लेव्हल वाढवणारा एखादा मराठी आरपीजी कुणीतरी करावा, अशी माझी फार इच्छा आहे. हे अशक्य नाही. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर उभा असलेला खेळ जगभर नेला. तो आरपीजी नसला तरी असं काम महाराष्ट्रात होतं, हे त्याने सिद्ध केलं.

सोलापूरच्या खेळाडूची आणखी एक अडचण आहे. हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलतं. घरात एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी भाषा. आरपीजी मात्र बहुतांशी इंग्रजीत असतात आणि त्यांत वाचायला मजकूर फार असतो. परकी भाषा वाचताना कार्यस्मृतीतली जागा त्यातच खर्च होते, खेळाचे नियम आणि कथा यांना उरलेली जागा मिळते. म्हणून सुरुवातीचा खेळ संवाद ऐकवणारा आणि खाली अक्षरंही दाखवणारा असावा. ऐकू येतं तेच लिहिलेलं दिसलं तर वाचन सुधारतं, हे ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून १९९६ पासून हाती घेतलेल्या कामातून भारतातच दिसून आलं आहे. चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवण्याची कल्पना त्यांचीच. ‘फायनल फँटसी’त बोलणारी पात्रं दहाव्या भागापासून आली, सातवा आणि नववा भाग कितीही नावाजलेले असले तरी मुके आहेत. इंग्रजी कच्चं असेल तर तिथून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे.

जुन्या खेळांची चौकोनी ठिपक्यांची चित्रं पाहून मात्र मागे हटू नका. सोलापुरी चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर, एकेक घर भरत काढला जातो आणि मग जॅकार्ड मागावर उतरतो. खेळातल्या पात्राचं चित्रही असंच घरं भरून केलेलं असतं, फक्त धाग्याऐवजी प्रकाशाचा ठिपका. जोसेफ-मारी जॅकार्ड यांनी १८०४ साली मागाला छिद्रांच्या कार्डांनी हुकूम द्यायची जी युक्ती लोकप्रिय केली, ती पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. कॉम्प्युटरच्या इतिहासातला एक धागा मागावरून आला आहे, सोलापूरकरांनी हे अभिमानाने सांगावं.

वीज जाण्याचीही तरतूद हवी. १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती, जपानी मुलं अक्षरांची लांबलचक मालिका वहीत उतरवून ठेवत आणि पुढच्या वेळी तीच टाइप करत. नंतर कार्ट्रिजमध्ये बॅटरी आली. तरी कित्येक वर्षं ठरावीक ठिकाणीच सेव्ह करता येई. बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपवर दीड तास लढून बॉससमोर पोचावं आणि वीज जावी, तर सगळं पुन्हा. ऑटोसेव्ह असलेलाच खेळ निवडावा.

एवढ्या सगळ्या अटी एकत्र ठेवल्या तर मी नवख्याला ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’ सुचवतो. लढाई पाळीपाळीने होते, त्यामुळे विचाराला वेळ मिळतो. पात्रं बोलतात, खाली अक्षरं दिसतात, ऑटोसेव्ह आहे. कथेला आधीच्या दहा भागांची गरज नाही. एकच खेळ आधुनिक त्रिमितीय रूपात किंवा जुन्या ठिपक्यांच्या रूपात, हवा तसा खेळता येतो. कॉम्प्युटरवरच्या स्टीम या दुकानात खेळ विकत घेतल्यावर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मिळतात. पण आरपीजीचे पहिले दोन तास नियम समजण्यातच जातात, तेवढ्यात आवड-नावड ठरवणं घाईचं होतं. या खेळाचा फुकट नमुना मात्र सुमारे दहा तासांचा आहे आणि पुढे पूर्ण खेळ घेतला तर तिथली प्रगती तशीच सोबत येते. हा अकरावा भाग संपवून मग तिसरा खेळावा, त्यानंतर पहिला आणि दुसरा. या क्रमामागचं कारण अकराव्याच्या शेवटाशी उलगडतं, म्हणून ते इथे लिहीत नाही.