चार बोटांचं अंतर

वसुबारस उजाडायच्या आत तो फोटो येतोच. काळ्याभोर पटावर भारताचा आकार, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली एक ओळ : ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत. सौजन्य नासा.’ मला तो पहिल्यांदा ईमेलनं आला, न्यू जर्सीला स्थायिक झालेल्या मावसभावाकडून. पुढे फेसबुकवर भेटला, मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आता भाजणीच्या वासासारखा तो दरवर्षी ठरल्या वेळी दरवळतो. मीही एकदा तो पुढे ढकललाय, वर ‘अभिमान वाटतो’ असं लिहून. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण माझी उभी हयात वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली आणि छापायचा फोटो पारखून घेणं हे माझं कामच होतं.

त्या फोटोत खोटं काही नाही. अमेरिकेतल्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्रविषयक संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ साली उपग्रहांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तो तयार केला. लोकसंख्या कशी पसरत गेली, हे त्यातून दाखवायचं होतं. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्यानं दिसलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. दहा-बारा वर्षांची ती हकीकत कुणीतरी एका रात्रीच्या नावावर चढवली. २०१२ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरच्या रात्री उपग्रहानं टिपलेला भारत नासानं स्वतः प्रसिद्ध केला. त्यात शहरं एरवीसारखीच मिणमिणत होती. दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारही नाही, असा खुलासाही सोबत होता. त्याला दहा वर्षं उलटून गेली. फोटो अजून येतोच आहे.

खऱ्या-खोट्यात चार बोटांचं अंतर, असं आपली जुनी माणसं सांगत आणि सांगताना कान आणि डोळा यांच्यामध्ये चार बोटं धरून दाखवत. कानावर आलं ते ऐकीव, डोळ्यांनी पाहिलं ते खरं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा मागोवा घ्यायला बसलो की मला वाटतं, या काळात त्या चार बोटांचाच घोळ झाला. ऐकीव गोष्ट डोळ्यांच्या दारानं आत शिरायला शिकली. दिवाळीच्या त्या फोटोत मी डोळ्यांनी पाहिले ते फक्त ठिपके. ‘दिवाळी’ हा शब्द मला कुणीतरी सांगितला होता.

ही विद्या मोबाइलनं शोधलेली नाही. आमच्या कचेरीत तिच्यासाठी एक खणच होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो, तेव्हा खिळे जुळवून पान उभं राहायचं आणि फोटोसाठी ब्लॉक लागायचा. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर बारीक ठिपक्यांत उतरवलेलं उलटं चित्र. नवा ब्लॉक करून आणायला वेळ आणि पैसा दोन्ही लागत, म्हणून जुने ब्लॉक जपून ठेवलेले असत. ठोकळ्यांच्या पाठीवर शाईनं लिहिलेलं असे : ‘पूर’, ‘मोर्चा’, ‘टँकर’, ‘एसटी अपघात’.

ऑगस्टमधल्या एका रात्री नदीचं पाणी पुलाला टेकल्याची बातमी आली. पानात दोन कॉलमांची जागा उरली होती. वरिष्ठ म्हणाले, “पूर काढ.” मी खण ओढला. ब्लॉकवरचा पूल भलत्याच नदीवरचा, पाणी काही वर्षांपूर्वीचं आणि चांगलं कठड्यावरून वाहणारं. सकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर एक गृहस्थ बशीतला चहा फुंकत शेजाऱ्याला सांगत होते, “पुलावरनं पाणी चाललंय, पेपरात फोटो आलाय.” पलीकडच्या गावी त्यांचं काम होतं. चहा संपवून ते घरी परतले. बातमीतले शब्द आम्ही बरोबर छापले होते आणि त्यांनी ते वाचलेही असतील. लक्षात मात्र फोटो राहिला. मी शेजारच्या बाकावर बसून होतो, काही बोललो नाही.

पुढे अशा फोटोंखाली ‘संग्रहित छायाचित्र’ असं बारीक टायपात टाकायची शिस्त आली. त्या दोन शब्दांनी आमची सुटका झाली. वाचकाची झाली का, हे कुणी विचारलं नाही.

वाचकाच्या मनात नेमकं काय होतं, हे मोजायचं काम मानसशास्त्रज्ञांनी केलं. २००२ साली न्यूझीलंडमधल्या किंबर्ली वेड, मेरीॲन गॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस जणांना त्यांच्या लहानपणचे, घरच्यांकडून मिळवलेले फोटो दाखवले गेले. त्यांत एक बनावट फोटो मिसळला होता : बालपणी गरम हवेच्या मोठ्या फुग्यात बसून केलेल्या सफरीचा. अशी सफर त्यांनी कधी केलीच नव्हती. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना त्या सफरीतलं काही ना काही आठवायला लागलं होतं.

बनावट फोटोनं फसावं, यात निदान फसवणारा तरी दिसतो. मला अस्वस्थ करून गेला तो त्यानंतर दहा वर्षांनी झालेला प्रयोग, कारण त्यात सगळे फोटो अस्सल होते. एरिन न्यूमन, गॅरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांपुढे साधी साधी विधानं ठेवली. मॅकाडेमिया हे कठीण कवचाचं फळ आणि पीच एकाच कुळातले आहेत, हे त्यांतलं एक. काहींना नुसतं वाक्य दिसे, काहींना वाक्याशेजारी मॅकाडेमियाच्या दाण्यांचा फोटो. दाणे बघून कूळ कळतं थोडंच? तरी फोटोशेजारची वाक्यं लोकांना जास्त खरी वाटली. दुसऱ्या एका खेपेला नामवंतांची नावं दाखवून विचारलं, ‘ही व्यक्ती जिवंत आहे, हे खरं का?’ फोटो सोबत असला की होकार वाढले. मग प्रश्न उलटा केला : ‘ही व्यक्ती मरण पावली आहे, हे खरं का?’ फोटो सोबत असला की पुन्हा होकारच वाढले. एकच चेहरा जगण्याच्या बाजूनं साक्ष देत होता आणि मरणाच्याही.

स्टीफन कोल्बर्ट या अमेरिकी विनोदवीरानं २००५ मध्ये टीव्हीवर ‘ट्रुथिनेस’ हा शब्द गाजवला होता. संशोधकांनी तोच उचलला. मराठीत त्याला ‘खरंवाटेपणा’ म्हणता येईल. त्यामागचं कारण संशोधकांनी सांगितलं ते असं : फोटो असला की गोष्ट चटकन डोळ्यांपुढे उभी राहते आणि जे सहज उभं राहतं ते खरं असणार, असं मन धरून चालतं. कीर्तनकाराला आपण दाद देतो ती ‘प्रसंग डोळ्यांपुढे उभा केला’ अशीच. कीर्तनात ही दाद कलेला असते. बातमीत तीच दाद नकळत पुराव्याच्या खात्यात जमा होते.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. एक, हा परिणाम दोन दिवसांनंतरही टिकतो. दुसरी, फोटो असलेली आणि नसलेली विधानं एकमेकांत मिसळून आली, तर तो जास्त ठळक दिसतो. सगळ्यांनाच फोटो लावला की फोटोचं तेज ओसरतं. फोनवर संदेशांची रांग लागते ती अशीच मिसळीची : चार कोरड्या ओळी, मग एक फोटो, पुन्हा दोन ओळी.

प्रयोगशाळेतल्या त्या दाण्यांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोनच महिन्यांत, ८ नोव्हेंबरला, नोटबंदी. नव्या दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडते, ही आवई तेव्हाची. माझ्या फोनवर आलेल्या फोटोत गुलाबी नोट होती आणि तिच्यावर काढलेला बाण. बाणाच्या टोकाशी होता तो सुरक्षा धागा, जो माझ्या खिशातल्या शंभराच्या नोटेतही होता. रिझर्व्ह बँकेनं चिपची गोष्ट नाकारली. तरी आमच्या कॉलनीतले एक निवृत्त इंजिनीअर नोट दिव्यासमोर धरून मला चिप दाखवत होते. नोट खरी होती, धागा खरा होता, हात त्यांचाच होता. यात खोटं कुठे धरायचं?

इथवर हसून सोडून देता येत होतं. १ जुलै २०१८ चा रविवार आला. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते, त्यांसोबत एका ओळीत निजवलेल्या मुलांच्या मृतदेहांचे फोटो होते. ती मुलं खरोखरच मेली होती : २०१३ साली, सीरियातल्या विषारी वायूच्या हल्ल्यात. मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचा एक व्हिडिओही देशभर फिरत होता. तो कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला. मूळ चित्रफितीत मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत तेवढाच तुकडा कापलेला होता.

डोळ्यांना जे दिसलं, त्यातलं काहीच घडवून आणलेलं नव्हतं किंवा घडवलेलं होतं ते लोकांच्या भल्यासाठी. विष होतं ते सोबतच्या ओळीत, आणि ओळीला बळ दिलं फोटोनं. ‘आपल्या भागात टोळी आलीय’ एवढं नुसतं वाक्य बाजारात कितीजणांना पेटवतं? मेलेलं मूल बघितल्यावर मात्र ‘कुठलं?’ असं विचारायचं भान राहत नाही.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि फोटोशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या धास्तीत, खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. धाव मंदावली. ओळ आणि फोटो यांची गाठ मात्र तशीच राहिली.

२०२३ मध्ये भीतीनं रूप पालटलं. मार्चमध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटातले पोप फ्रान्सिस जगभर फिरले, ते संगणकानं रचलेले होते. २८ मे रोजी दिल्लीत पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या कुस्तीपटूंनी गाडीत काढलेल्या सेल्फीत कुणीतरी विनेश आणि संगीता फोगाट यांच्या ओठांवर हसू चढवलं. मूळ फोटोत त्या गंभीर होत्या. तेव्हापासून प्रत्येक फोटोखाली पहिला प्रश्न येतो, ‘खरा की एआय?’ या प्रश्नाचा फायदा उठवणारेही निघाले. नको असलेला खरा फोटोसुद्धा ‘एआय आहे’ म्हणून झटकता येतो. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायद्याच्या अभ्यासकांनी याला खोटारड्याचा लाभांश म्हटलं आहे.

प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. गूगलवर फोटो टाकून त्याचा उगम शोधायची सोय २०११ पासून आहे. त्यानं सीरिया सापडतो, कराची सापडतं. मॅकाडेमियाच्या दाण्यांचा फोटो टाका, तर तो अस्सल दाण्यांचा आहे एवढंच कळेल. माझ्या खणातला ‘पूर’ही अस्सलच होता. शेजारच्या वाक्याबद्दल फोटो काही सांगतो का, की नुसता त्याला खेटून उभा आहे, हे पारखणारं बटण अजून कुठल्या फोनात नाही.

यंदा मावसभावाचा फोटो आला, तेव्हा मी एक साधी गोष्ट करून पाहिली. खालच्या ओळीवर चार बोटं ठेवली आणि नुसतं चित्र बघितलं. पांढरे, हिरवे, लाल आणि निळे दिवे. इतकी वर्षं बघत आलो, पण पणतीचा उजेड निळा कसा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.