हेलियमचे ओटे आणि कार्बनचा पापुद्रा

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी येथूनच हेलियम शोधला, असे सिंधुदुर्गात अभिमानाने सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. लॉकयर तेव्हा इंग्लंडातच होते. सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा त्यांनी तेथूनच ऑक्टोबरात तपासली. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी! दंतकथा दुरुस्त केल्याने किल्ल्याला उणेपणा येत नाही.

हेलियमची आठवण आज होते ती एका वेगळ्याच कारणाने. कामर्लिंग ओनेस यांनी १९०८ साली लायडेन येथे द्रवरूप केलेला हा वायू उणे २६९ अंशांना उकळतो, आणि अतिक्षीण प्रारण टिपणारी यंत्रे त्याच्याच साहाय्याने गारठवून ठेवावी लागतात. सूक्ष्मतरंग आणि अवरक्त किरण यांच्यामधला टेराहर्ट्झ पट्टा हे त्याचे ठळक उदाहरण. हे तरंग कापड, कागद, प्लास्टिक यांतून आरपार जातात. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंची मोडतोड करीत नाहीत. परंतु एक टेराहर्ट्झच्या प्रकाशकणाची ऊर्जा इतकी अल्प, की खोलीतल्या साध्या उष्णतेची ऊर्जा तिच्या सहापट भरते. भर बाजारात कुजबूज ऐकावी, तसा हा प्रकार. भारत तर आपला बहुतेक हेलियम आयात करतो. तालुक्याच्या महाविद्यालयाने त्याची स्वप्ने पाहू नयेत हेच बरे.

येथे ग्राफीन उपयोगी पडते. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा हा पापुद्रा गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली मँचेस्टर येथे चक्क चिकटपट्टीने सोडवला. त्यातील इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता फार थोडी असल्याने किंचित प्रारणानेही ते तापतात, आणि ती ऊब अणूंच्या जाळीला सावकाश देतात. २०१४ साली मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी पापुद्र्याच्या दोन बाजूंस दोन भिन्न धातू जोडले. तापलेले इलेक्ट्रॉन या दोन सांध्यांपाशी सारखे वागत नाहीत. त्या असमतोलातून विद्युत्‌दाब मिळतो, आणि तोही खोलीच्या तापमानाला. सगळा पदार्थ तापवावा लागत नसल्याने उत्तर झटपट येते. अडचण एवढीच, की इतका पातळ पापुद्रा प्रारण थोडेच शोषतो. म्हणून २०१९ साली बार्सिलोनातील गटाने त्याला सूक्ष्म अँटेना जोडून प्रारण एका चिंचोळ्या फटीत एकवटले.

हेलियमची सद्दी मात्र इतक्यात संपत नाही. दूरच्या तारकामेघांचे क्षीण प्रारण टिपण्यास आजही गारठवलेली यंत्रेच लागतात. शिवाय पाण्याची वाफ हे तरंग गिळते. मालवणच्या आषाढी हवेत ते दूरवर जाणे अशक्यच. पण जो दोष तोच गुण. पानात पाणी किती उरले आहे, हे पान न तोडता याच तरंगांनी मोजता येते. तेथे अंतर वीतभराचे असते आणि हेलियमच्या टाकीची गरज पडत नाही.