भाड्याच्या खोलीची फरशी : आधी खालची माती पाहा



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे आणि खोडवा यांवर लिहावे, फरशीवर कशाला, असे आपण म्हणाल. परंतु १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्र्यालाही उद्योग आले, आणि आपल्यापैकी अनेकांनी ऊसबिलाच्या पैशातून शहरालगत भाड्याच्या खोल्या बांधल्या. गटात फिरताना खताइतकीच फरशीचीही चौकशी होते. म्हणून आज हा विषय.

आमचीच चूक आधी सांगतो. वाळूज भागात आम्ही दोन खोल्या बांधल्या, तेव्हा पायाची निघालेली काळी माती तशीच जोत्यात भरली. मुरमाच्या ट्रॉल्यांचे पैसे वाचले म्हणून खूशही झालो. वर चकचकीत टाइल बसवली. दुसऱ्याच पावसाळ्यात मधल्या टाइला उचलल्या, उन्हाळ्यात कोपरा खचला. भाडेकरूने दिवाळीआधी खोली सोडली. अनामत परत केली, फरशी उखडली, तीन महिन्यांचे भाडे बुडाले ते वेगळेच. उसाचे एक बिल असे अक्षरशः मातीत गेले.

वास्तविक हे आम्हाला तरी कळायला हवे होते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ती ओल धरून ठेवते म्हणून उसाला मानवते. पण तिच्या याच चिकणपणामुळे वरची फरशी जागेवर राहत नाही. तेव्हा जोत्यात मुरूमच भरावा. एकदम न ओतता अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर द्यावेत, पाणी मारावे, धुम्मसाने ठोकावे. त्यावर काँक्रीटचा थर आणि मगच फरशी. काटकसर दुसरीकडे करा, इथे नको.

आता फरशी कोणती? शहाबादी आपल्या ओळखीची. ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. एके काळी तो मुलूख आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होता. स्वस्त आहे, ओटा, अंगण, जिना यांना चांगली. खोलीत तळमजल्यावर राजस्थानचा कोटा बसवावा. भांडे पडले, कॉट ओढली, तरी दाद देत नाही. जुना झाला की मशीनने घोटून पुन्हा चकाकतो. मात्र दोन्ही दगड चुनखडीचे. ॲसिडने धुतले की खातात. भाडेकरूला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

वरच्या मजल्यांवरील फ्लॅटमध्ये दगडाचे ओझे नको असेल तर व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. ती पाणी जवळजवळ शोषतच नाही. साध्या सिरॅमिक टाइलला वरच्या बाजूनेच चकाकी असते. टवका उडाला की आतला भाग उघडा पडतो. न्हाणीघर व संडासात खरखरीत टाइलच लावा आणि उतार जाळीकडे ठेवा. गुळगुळीत टाइलवर म्हातारे माणूस घसरले तर भाड्याच्या पैशाने ते भरून निघत नाही. शिवाय शंभरामागे पाच टाइला जादा घेऊन ठेवा, पुढे तोच रंग मिळत नाही.

हिशेब चौरस फुटाच्या भावाने करू नका, वर्षांनी करा. समजा, एक फरशी ५ वर्षांत उखडावी लागली आणि दीडपट किमतीची दुसरी १५ वर्षे टिकली, तर दुसरीचा वर्षाचा खर्च पहिलीच्या निम्माच. लागणीला एकदा खर्च करून पुढे खोडवा घेणाऱ्याला हे गणित वेगळे शिकवायला नको.

ज्यांचे जोते अजून भरायचे आहे त्यांनी गवंड्याला गाठण्याआधी खड्ड्यात उतरून माती हातात घ्यावी. ओली करून चिकटली, तर ती शेतात नेऊन टाकावी.

आणि खोडव्याचे पाचट जाळू नका, हे आमचे नेहमीचे सांगणे आहेच.