लॉट नंबर पडलेलं गाव

पेनसिल्व्हेनियातल्या शार्टल्सव्हिलमध्ये, इंटरस्टेट 78 महामार्गालगतच्या एका इमारतीत, वीतभर उंचीच्या घरांचं एक गाव होतं. नाव 'रोडसाइड अमेरिका'. 8,000 चौरस फुटांत तीनशेहून अधिक इमारती, हजारो झाडं, हजारो चिमुकली माणसं आणि या सगळ्यांमधून दिवसभर धावणाऱ्या आगगाड्या नि ट्रॉली. न्यू जर्सीहून हॅरिसबर्गच्या दिशेने मुलांना घेऊन निघालेली आमच्यासारखी मराठी कुटुंबंही वाटेत तिथे थांबत. कठड्यावरचं बटण दाबलं की खाली कुठेतरी काहीतरी हलू लागे, आणि मुलं तिथून निघायला तयार नसत. 21 नोव्हेंबर 2020 रोजी ते कायमचं बंद झालं. जानेवारी 2021 मध्ये त्याचा लिलाव झाला. तो मी ऑनलाइन यादी उघडून, रात्री जागून पाहिला.

हे गाव एका माणसाने उभं केलं. लॉरेन्स गीरिंगर हे सुतारकाम आणि रंगकाम करणारे गृहस्थ. लहानपणी रेडिंग शहरातल्या घरातून त्यांना डोंगरावरचं एक हॉटेल दिसे. ते खेळणं आहे असं वाटून, ते आणायला हा पोरगा घरातून निघाला आणि रानात चुकला, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. पुढे ते स्वतःच तशी घरं करू लागले. 1935 मध्ये त्यांनी हा पसारा आपल्या घरी लोकांना दाखवला. गर्दी वाढली, जागा बदलत गेल्या आणि 1953 मध्ये शार्टल्सव्हिलची शेवटची जागा मिळाली. 1963 मध्ये गीरिंगर गेले. त्यानंतर कुटुंबाने त्यांचं गाव जवळपास जसंच्या तसं सांभाळलं. ठरावीक वेळाने तिथे रात्र व्हायची. मोठे दिवे मंद होत, घराघरांच्या खिडक्या उजळत आणि केट स्मिथ यांच्या आवाजातलं 'गॉड ब्लेस अमेरिका' सुरू होई. जागा विकायचे प्रयत्न काही वर्षं चालू होते. तेवढ्यात कोविड आला आणि प्रेक्षक थांबले.

लिलाव म्हणजे आधी याद्या करणं. ज्या वस्तू गावात एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या त्या सुट्या करायच्या, फोटो काढायचे, नंबर द्यायचा. एका नंबराखाली जे विकलं जातं तो एक लॉट. इंजिन एका लॉटमध्ये, डबे दुसऱ्यात, घर तिसऱ्यात. मग बोलीची वेळ सुरू होते. अशा ऑनलाइन लिलावात आपण कुठवर जाऊ तो आकडा आधीच सांगून ठेवता येतो. समोरून बोली आली की तुमच्या वतीने आपोआप पुढची बोली लागते, तुमच्या मर्यादेपर्यंत. शेवटच्या क्षणी कुणी उडी घेतली की बहुधा घड्याळ काही मिनिटांनी पुढे सरकतं, म्हणजे दुसऱ्याला उत्तर द्यायची संधी मिळते. जिंकलेल्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन आणि कर वेगळे. बहुतेक वेळा माल न्यायचा दिवसही ठरलेला असतो; गाडी घेऊन यायचं आणि आपली वस्तू आपणच उचलायची.

बोली लावणारे दोन जातींचे असतात, आणि दोघांची मोजमापं उलटी असतात.

एक संग्राहक. त्याची नजर गाड्यांवर असते. खेळण्यातल्या आगगाड्या बनवणारी लायनेल कंपनी 1900 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायनेल कोवेन यांनी काढली. तिच्या तीन रुळांच्या, 'ओ गेज' नावाच्या मापाच्या गाड्या अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांच्या नाताळाशी जोडलेल्या आहेत. त्या जमवणाऱ्यांची ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन 1954 पासून आहे. वस्तूच्या अवस्थेसाठी तिची मोजपट्टी आहे, सी-1 ते सी-10. सी-10 म्हणजे कारखान्यातून आलेलं, न वापरलेलं. सी-1 म्हणजे भंगार. मूळ खोका असेल तर किंमत चढते, रंग नव्याने दिलेला असेल तर उतरते. संग्राहक चाकं पाहतो, मधल्या रुळावरून वीज घेणारे रोलर पाहतो. रोलरला खोलगट चर पडला असेल तर गाडी खूप धावली आहे, हे त्याला एका नजरेत कळतं. रोज दिवसभर धावलेल्या गाड्या अशा परीक्षेत मार खातात. दुरुस्तीत बदललेली मोटर, झिजलेली चाकं, डब्यावरचे ओरखडे, सगळं त्यांच्या विरुद्ध जातं.

दुसरा माणूस आठवणींसाठी आलेला. त्याला तोच ओरखडा हवा असतो. ही गाडी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली होती, ती धावली होती, म्हणूनच ती हवी. तिची चाकं कोरी असती तर तिचा त्याच्याशी काय संबंध? मोजपट्टीवर खाली गेलेल्या गाडीसाठी ही माणसं संग्राहकाला मागे टाकून जातात, ते उगीच नाही. त्यांनी किंमत लावलेली असते ती गाडीने केलेल्या कामाला.

घरांच्या लॉटवर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. गाड्यांना किमतीची पुस्तकं आहेत. गीरिंगरांच्या हातच्या चर्चला, गिरणीला, एखाद्या साध्या घराला भावच नाही, कारण तसं दुसरं कुठे विकलं गेलेलंच नाही. शिवाय त्यांनी एका फुटाला तीन-अष्टमांश इंच, म्हणजे 1:32 असं प्रमाण धरलं होतं. ओ गेजचं अमेरिकेतलं रूढ प्रमाण 1:48. म्हणजे हे घर विकत घेऊन घरच्या ओ गेज रुळाशेजारी ठेवलं तर ते मोठं दिसणार. उपयोगाच्या हिशेबात ते बसत नाही, आणि तरीही अशा घरांवर छोट्या छोट्या टप्प्यांनी बोली चढत जाते, थांबते, आणि संपली असं वाटत असताना पुन्हा चढते. दोन अनोळखी माणसांना एकच खिडकी आठवत असावी, असं मला दर वेळी वाटे. संग्राहकाकडे निदान पर्याय असतो. हे इंजिन हुकलं तर दुसरं बाजारात येईल. आठवणीसाठी बोली लावणाऱ्याला दुसरं घर मिळणार नसतं. त्यामुळे तो स्वतःला घालून दिलेली मर्यादा ओलांडतो.

पण काही गोष्टींना लॉट नंबर पडत नाही. डोंगर, बोगदे, नदीचा काठ हे जागेवरच घडवलेले. ते उचलले की मोडतात. तारांचं जाळं, कोणत्या बटणाने काय हलतं याची जुळणी, दिव्यांचा क्रम हे विकता येत नाही. गिरणीपासून चर्चपर्यंतचं अंतर विकता येत नाही. गीरिंगरांचं खरं काम घरं बांधण्याइतकंच ती कुठे ठेवायची हे ठरवण्यात होतं, आणि लिलाव नेमकं तेच विसकटतो.

तरीही अशा लिलावाला लूट म्हणणं मला पटत नाही. एवढा पसारा संपूर्ण उचलायला तेवढीच मोठी इमारत, देखभाल करणारी माणसं आणि दर महिन्याचा खर्च लागतो. तसा घेणारा मिळाला नाही, तर उरतात दोनच वाटा: गोदामात धूळ खाणं किंवा वाटलं जाणं. वाटलं गेल्यावर एक घर निदान कुणाच्या तरी फडताळात, जपणाऱ्याच्या हाती राहतं. माझी तक्रार एवढीच की वाटणीत वस्तू जाते आणि तिची माहिती मागे राहते. काही वर्षांनी त्या फडताळातलं घर वारसांच्या हाती येईल, आणि ते कुणी, कुठे, कशासाठी बांधलं हे सांगायला कुणी नसेल. मग त्याला जुन्या लाकडाचा भाव येईल.

ही वेळ आपल्याकडेही येऊ शकते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय 1998 पासून आहे, आणि आपल्या कित्येक मुलांनी तिथेच पहिल्यांदा सिग्नल पडताना पाहिला. तसे हौशी लोक आपल्याकडे घरोघरी आहेत: माळ्यावर रूळ मांडणारे, नाणी, रेडिओ, काड्यापेट्या जमवणारे. त्यांच्या घरच्यांनी एक काम आजच करावं. वस्तू जिथे मांडली आहे तिथेच तिचा फोटो काढावा, शेजारी काय आहे ते त्यात दिसू द्यावं. कुठून आली, कुणी केली, काय दुरुस्त केलं हे जमवणाऱ्यालाच विचारून चार ओळींत लिहावं आणि तो कागद वस्तूच्या बुडाला चिकटवावा. पुढे संग्रह विकावा लागला तरी मांडणी पुन्हा समजून घेता येईल, आणि घेणाऱ्यालाही आपण काय घेतलं हे कळेल. हे काम जमवणारा माणूस सांगायला असेपर्यंतच होऊ शकतं.